दोष आढळला नाही

...आणि वर अभिनंदन! तुम्हाला सांगतो, माणसानं कशाकशाचं अभिनंदन ऐकून घ्यायचं याला काही सीमा? मेहुणा म्हणतो, 'भाऊजी, सुटलात, रिपोर्ट नॉर्मल!' मोठी बहीण म्हणते, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' (काय म्हटलं नव्हतं हे ती कधीच सांगत नाही.) साहेब फोनवर म्हणतात, 'वा वा, मग सोमवारपासून येताय?' आणि मी आपला फोन कानाला लावून उभा, थँक्यू थँक्यू म्हणतोय, तोंडभर हसतोय, आणि त्याच क्षणी माझ्या पायाखालची जमीन अर्धा इंच खाली गेलेली आहे. अर्धा इंच. नॉर्मल. आता बोला.

या, बसा, फाईल सरकवतो. तुमचा कितवा नंबर? एकोणीस? मग निवांत व्हा, आत्ता कुठे तेरा आत गेलाय. तेरा म्हणजे आमची ही. नाही नाही, आज माझा नंबर नाही, मी नुसता सोबत आलोय. ही निळी फाईल माझीच, पण आता सवय झालीय हो, बाहेर पडताना किल्ल्या, चष्मा, फाईल. हिची हिरवी, ती आत गेलीय तिच्याबरोबर. आणि तिच्या पिशवीत एक कात्री आहे, त्यावरून मघाशी त्या काउंटरवरच्या मुलीनं केवढा गोंधळ घातला ते तुम्ही ऐकलंच असेल... ते सांगतो नंतर. क्रमानं सांगू द्या, नाहीतर मीच तोंडघशी पडायचा.

मी लिफ्टवाला. चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. सत्तावीस वर्षं झाली. आता आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी गोष्ट कुठली? लेव्हल. लिफ्ट थांबली की तिची फरशी आणि मजल्याची फरशी एका रेषेत आली पाहिजे. जरा वरखाली झाली की कोणीतरी ठेचकाळलंच म्हणून समजा. आणि तुम्हाला सांगतो, स्वतःची टिमकी वाजवत नाही, पण माझ्या पायाला दोन मिलिमीटरचा फरक कळतो. पट्टी लागत नाही. साहेब नव्या लोकांना सांगायचे, 'यांचे पाय म्हणजे यंत्र आहे.' त्या यंत्रालाच हे झालं हो! एक दिवस सकाळी बेसिनपाशी उभा आहे, गालाला फेस लावलाय, आणि जमीन... गेली. म्हणजे लिफ्ट सुटताना जशी पोटातून कळते तशी. आठ सेकंद. मग आली परत. मी खाली बघितलं, फरशी आपली जागच्या जागी, तोंड मिटून. लोक म्हणतात ना, पायाखालची जमीन सरकली, ते म्हणण्यापुरतं असतं. माझी खरोखर जाते. दिवसातून तीनदा, कधी सात वेळा. आणि मी काम करतो कुठे? लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून, सात-सात मजल्यांच्या बोगद्यात.

तीन आठवडे कोणाला बोललो नाही. मग एकदा जिन्यात कठड्याला मिठी मारून उभा असताना मेहुण्यानं बघितलं, आणि झाली वरात सुरू.

रक्त घेतलं. नॉर्मल. कानाच्या डॉक्टरांनी खुर्चीत बसवून मला गरागरा फिरवलं, डोळ्यांत दिवा मारला आणि म्हणाले, 'आता कसं वाटतंय?' अहो, खुर्चीत बसवून गरागरा फिरवल्यावर माणसाला कसं वाटेल? तरी नॉर्मल. मग डोक्याचा फोटो. त्या नळकांड्यात घालतात ना, आणि ती बाई बाहेरून सांगते, 'हलू नका, विचार करू नका.' विचार करू नका! ते यंत्र खाडखाड वाजतंय, आणि मी आतल्या आत म्हणतोय, बाई, बेअरिंग गेलंय हो याचं, डाव्या बाजूचं, महिन्याभरात बंद पडेल. चाळीस मिनिटं मी त्या यंत्राची तपासणी केली. त्यानं माझी केली. माझं यंत्र नॉर्मल. त्याचं बेअरिंग मात्र नक्की गेलेलं होतं, मी सांगितलंही बाहेर आल्यावर, तर ती म्हणाली, 'काका, ते असंच वाजतं.' घ्या. हे वाक्य मी आयुष्यात किती जणांना ऐकवलंय म्हणून सांगू! ते असंच वाजतं.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा बाहेर कोण कोण होतं? मेहुणा, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. बहीण, गुडघे धरत दोन बस बदलून. आणि ही. तीन माणसं दोन तास ताटकळलेली, चेहरे पडलेले, आणि मी दारातून बाहेर येतो तो रिकाम्या हातानं. काहीच नाही! तुम्हाला सांगतो, मला इतकं अपराधी वाटलं, इतकं अपराधी वाटलं... घरी जेवायला बोलावून चूल न पेटवलेल्या माणसासारखं झालं मला. वाटलं, निदान एखादं छोटंसं काहीतरी निघायला हवं होतं, त्यांच्या बसभाड्यापुरतं. आणि मनात चोरून हेही वाटलं की अरे, एवढी तपासणी झाली, काही सापडत नाही, म्हणजे मीच तर खोटं बोलत नाहीये ना? चोराच्या मनात चांदणं. पण मी चोरलंय काय, तेच कळेना. जमीन जाते ती माझीच ना?

मेहुण्यानं मिठी मारली. बहीण म्हणाली, 'आता नाटकं बंद कर आणि जेवत जा वेळेवर.' आणि ही? ही काहीच बोलली नाही.

ही बोलली असती तर बरं झालं असतं. 'नॉर्मल आहे ना, मग हसा की' असं म्हणाली असती तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. हिनं रिपोर्टाचा कागद माझ्या हातातून घेतला, नीट चौघडी घातली आणि मला म्हणाली, 'चला, सावकाश उतरा.' आणि तिथंच मला आठवला शिक्का.

शिक्का सांगतो. आमच्याकडे प्रत्येक इमारतीत तक्रारवही असते. लोक त्यात लिहितात, लिफ्ट आवाज करते, दार लागत नाही, वगैरे. आपण जायचं, बघायचं, खाली शेरा मारायचा. आता दहातल्या सहा तक्रारींत काही नसतंच हो. म्हणजे आम्ही गेलो की काही नसतं. मग रोज तेच तेच काय लिहायचं? मी सरळ रबरी शिक्का करून घेतला. 'तपासणी केली. दोष आढळला नाही.' ठप्प. पुढच्या तक्रारीला मोकळा. मला त्या शिक्क्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

चार वर्षांपूर्वी हिचे हात दुखायला लागले. दुखायला म्हणजे, ही सांगायची, बोटं जळतात. गरम इस्त्रीला लागल्यासारखी. ही शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावते, दिवसाला शंभर-सव्वाशे. हातातून कात्री पडायची, कप पडायचे. केल्या तपासण्या. नसांना शॉक देऊन बघितले, रक्त बघितलं. सगळं नॉर्मल. तर तो रिपोर्ट आला तो रविवार होता, घरी मेहुणा, मेहुण्याची बायको, माझी बहीण, सगळे चहाला. मी मोठ्यांदा वाचून दाखवला. ही म्हणाली, 'हो, पण मला अजून...' आणि मी, मी काय केलं सांगू? दाराशी माझी कामाची पिशवी होती. त्यातून शिक्का काढला. हिच्या फाईलवर, ठप्प.

तपासणी केली. दोष आढळला नाही.

काय हशा पिकला म्हणता! बहिणीच्या डोळ्यांतून पाणी, मेहुणा सोफ्यावरून खाली. हीसुद्धा हसली. मी पक्का पाहिलंय, हसली. फक्त सगळ्यांच्या आधी थांबली आणि कप उचलायला उठली. एका वेळी एकच कप नेत होती, दोन्ही हातांनी धरून. मला वाटलं, आज कामाचा कंटाळा आलेला दिसतोय. असा मी.

त्यानंतर हिनं हातांचं नाव काढलं नाही. आणि मला वाटलं, बरी झाली! नाही, हसू नका, आमच्या धंद्यात असंच धरतात. तक्रार बंद झाली म्हणजे लिफ्ट सुधारली.

तर त्या दिवशी रिपोर्ट घेऊन घरी आलो, ही कारखान्यात अर्ध्या पाळीला गेली, आणि मी माझे कागद ठेवायला कपाट उघडलं. तिथं हिरवी फाईल. वर माझा शिक्का, निळा, ठसठशीत, काय उमटलाय म्हणून सांगू, वहीवर कधी इतका स्वच्छ उमटला नाही. आणि आत, रिपोर्टांच्या मागे, कारखान्याच्या चिठ्ठ्या. शर्टांच्या गठ्ठ्याला टाचतात ना, तसल्या. पाठकोऱ्या. त्यावर तारीख घालून हिचं अक्षर. 'सोमवार. उजवा. जेवताना.' 'शुक्रवार. दोन्ही. कात्री पडली, कोणी पाहिलं नाही.' 'रविवार. नाही जळला.' चार वर्षं, तुम्हाला सांगतो! चार वर्षांच्या चिठ्ठ्या, टाचण्या मारून. माझ्या शेजारी बसून जेवत होती तेव्हाच्या तारखा. मी टीव्हीचा आवाज वाढव म्हणालो असेन त्या तारखा. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण मी काय लांब राहत होतो का? एका खोलीत होतो.

आणि सगळ्यात वरची चिठ्ठी... थांबा, पाणी पितो.

सगळ्यात वरची चिठ्ठी हाताबद्दल नव्हती. 'यांना काहीतरी होतंय. सकाळी, बेसिनपाशी. भिंत धरली. आठ सेकंद.' तारीख? मेहुण्यानं मला जिन्यात पकडलं त्याच्या तीन आठवडे आधीची. मी कोणालाही सांगायच्या आधीची. म्हणजे मी तोंडाला फेस लावून काही झालंच नाही असं दाखवत होतो तेव्हा ही दारात उभी राहून सेकंद मोजत होती. डॉक्टरांच्या नळकांड्यानं जे पाहिलं नाही ते हिनं पाहिलं, आणि हिला मी काय दिलं होतं? शिक्का.

आता माफी मागायची. पण माफी मागायची सवय नको का? सत्तावीस वर्षं मी फक्त इतरांना सांगत आलोय की चूक तुमची आहे. मग मी म्हटलं, एकदम घरी नको, आधी दुसरीकडे सराव करावा. आणि सरावाला पहिलं नाव आठवलं गणिताच्या बाईंचं.

या बाई माझ्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. एकट्या, निवृत्त, वजन असेल चाळीस किलो, पिशवी धरून. त्यांनी वहीत अकरा वेळा लिहिलं होतं की लिफ्ट थांबल्यावर खाली जाते. अकरा वेळा मी गेलो, वॉचमनला आत घेतला, हत्यारांची पिशवी घेतली, वरखाली फिरलो. माझ्या पायाला काही कळलं नाही. अकरा शिक्के. वॉचमन म्हणायचा, 'बाईंना एकटं वाटतं, म्हणून बोलावतात तुम्हाला.' आणि आम्ही हसायचो. मग तक्रार बंद झाली. सुधारली ना लिफ्ट.

गेलो. तर बाई जिन्यात. दुसऱ्या मजल्यावर, कठड्याला टेकून, धाप लागलेली. म्हटलं, 'बाई, लिफ्ट चालू आहे की!' बाई म्हणाल्या, 'आहे ना. तपासलेली आहे. दोष आढळला नाही.' गणिताच्या बाई हो, मार्क कुठे कापायचे ते बरोबर कळतं. मी म्हटलं, 'बाई, मला... म्हणजे मी... ते शिक्के...' सराव तिथंच संपला. शेवटी म्हणालो, 'एकदा माझ्यासाठी बसता का? तुम्ही एकट्या?'

कारण माझं असं झालं होतं की मला आता आत बसताच येईना. बसलो आणि जमीन गेली, तर गेली कोणाची, लिफ्टची की माझी? म्हणून सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी बाहेर उभा राहिलो. चौथ्या मजल्यावर, पोटावर आडवा पडून, उंबऱ्याला डोळा लावून. बाई खालून एकट्या आल्या. लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि... केसभर वर सरकली, मग स्वतःला सावरायला गचकन खाली. पाऊण इंच! माझ्या नाकासमोर. ब्रेकची पट्टी झिजलेली. लिफ्टच्या दोराला पलीकडून वजन टांगलेलं असतं; आत दोन माणसं आणि हत्यारं असली की त्याच्याशी तोल बरोबर जुळतो, मग लिफ्ट कशाला हलेल? चाळीस किलोची एकटी बाई असली की पलीकडचं वजन जड होतं आणि हलते. मी अकरा वेळा तपासली ती माझ्या वजनानं. बाई जात होत्या त्यांच्या वजनानं. एवढं साधं.

मी तसाच आडवा, म्हटलं, 'बाई, आहे.' बाई वरून बघून म्हणाल्या, 'ठाऊक आहे.' आणि माझ्या अंगावरून पिशवी घेऊन घरात गेल्या. पट्टी मी त्याच दिवशी बदलली. माफी राहिली ती राहिलीच.

घरी आलो. ही इस्त्री करत होती. मी हिच्या हातातून इस्त्री घेतली, तर ही म्हणाली, 'काय झालं? पडलात का कुठे?' मी पिशवीतून शिक्का काढला आणि हिच्यापुढे ठेवला. म्हटलं, 'मार. माझ्या फाईलवर मार. मेहुण्याला बोलाव, ताईला बोलाव, सगळ्यांसमोर मार.' हिनं शिक्क्याकडे बघितलं. म्हणाली, 'दोष आढळला नाही याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. डॉक्टरांना आढळला नाही, ते काय करणार? पण तुम्ही शोधला कुठे?' बस. एवढंच. मी म्हटलं, 'चुकलो.' आणि तुम्हाला सांगतो, एक शब्द, पण चौथ्या मजल्यावर मोटर चढवायला इतका जोर लागत नाही.

थोड्या वेळानं, चार शर्ट झाल्यावर, मला राहवेना. विचारलं, 'पण तुला माझं पटतं ना? जमीन जाते ते?' कारण तेवढंच हवं होतं हो मला! जगातल्या एका माणसानं म्हणावं की हो, जाते. ती चिठ्ठी मी वाचलीय हे तिला माहीत नव्हतं. ही कॉलर सरळ करत म्हणाली, 'चार वर्षांनी सांगते.'

या गोष्टीला तीन महिने झाले. तीन वर्षं नऊ महिने उरलेत. मला साहेबांनी ऑफिसात बसवलंय, तक्रारींचे फोन घ्यायला. कोणी म्हणालं लिफ्टमध्ये कसंतरी होतं, की मी अर्धा तास विचारतो, कधी होतं, किती माणसं असतात, तुमचं वजन किती? एका बाईंनी वजन विचारलं म्हणून माझीच तक्रार केली.

आणि आज हिला इथं आणलं, ते मीच. म्हटलं, आतापर्यंत तुझे हात तपासले ते रिकामे. टेबलावर पालथे, उताणे. रिकाम्या हाताला काय होणार? कात्री ने, कॉलरचं कापड ने, आणि डॉक्टरांना सांग की वीस मिनिटं बघत बसा. म्हणून ती कात्री. काउंटरवरची म्हणते, 'काका, आत हत्यार नेता येत नाही.' मी म्हटलं, 'बाई, ते हत्यार नाही, ते तिचं वजन आहे.' तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू माझाही एक नंबर लावून देते.

अरे, दार उघडलं... आली. आली ही. एवढ्यात? नाही, वीस मिनिटं झालीच असतील, मीच बोलत बसलो. काय गं, काय म्हणाले? ...काय? पडली? डॉक्टरांसमोर पडली? ऐकलंत का हो, पडली कात्री! आणि ते काय म्हणाले? ...'रिपोर्ट नॉर्मलच आहेत. पण पडते खरी.' असं म्हणाले? पडते खरी? म्हणजे बघितलं त्यांनी. औषध? नाही दिलं. परत बोलावलंय, बरं, बरं, येऊ की परत. चला, उठतो मी, तुम्हाला उगाच...

अं... थांबा. गेली. जमीन गेली हो. नाही, तुम्ही नका उठू, आठ सेकंद असतात फक्त. ही येतेय. बघा, फाईल काखेत मारली, आणि हात पुढे केला माझ्याकडे. उजवा. जळतोय तो, मला दिसतंय, वीस मिनिटं कात्री चालवून आलाय. आता धरला तर तिला दुखतं आणि नाही धरला तर मी पडतो.

दोघंही नॉर्मल. आता बोला.